ब्राऊन एचटी: तपकिरी खाद्यरंग मोजायचा कसा, विरघळवायचा कसा आणि घालायचा केव्हा

केक कापला की आत काळसर ठिपके. कालचा घाणा गडद, आजचा विटकरी. रात्री पांढरंशुभ्र दिसणारं क्रीम सकाळी कडेने तपकिरी. तक्रार दर वेळी रंगाबद्दल असते, पण दोष बहुधा चमच्यात सापडतो. भुकटी थेट मिश्रणात टाकली जाते, तिचं सगळं वजन शुद्ध रंगाचं समजलं जातं आणि छटा कच्च्या मिश्रणाकडे बघून ठरवली जाते. या सवयी सुटल्या तर ब्राऊन एचटी तसा सरळ रंग आहे: पाण्यात सहज विरघळतो, भट्टीची उष्णता बऱ्यापैकी सोसतो आणि मोजला तर दर वेळी तीच छटा देतो.

खालचे टप्पे क्रमानेच घ्या. विशेषतः दुसरा टप्पा, म्हणजे कागदावरचं गणित, भुकटीचा डबा उघडण्याआधी पूर्ण झालेला हवा.

टप्पा १: डब्यात नेमकं काय आहे ते ओळखा

ब्राऊन एचटीची वेष्टनावरची नावं अनेक आहेत: चॉकलेट ब्राऊन एचटी, ई १५५, फूड ब्राऊन ३, सी. आय. २०२८५. यांपैकी काहीही असलं तरी रंग एकच. नुसतं ‘चॉकलेट ब्राऊन’ किंवा ‘चॉकलेट कलर’ लिहिलं असेल तर मात्र थांबा. ते बहुतेक वेळा पिवळा, लाल आणि निळा असे वेगळे रंग मिसळून केलेलं मिश्रण असतं. त्याची ताकद वेगळी, उष्णतेतलं वागणं वेगळं आणि कायद्यातली जागाही वेगळी.

आणखी दोन नावांशी गल्लत होते. ब्राऊन एफके, म्हणजे ई १५४, हे वेगळंच रंगमिश्रण असून ते आता युरोपीय संघाच्या परवानगीच्या यादीत नाही. ई १५० हा क्रमांक कॅरॅमल रंगाचा. तो साखर तापवून होतो आणि त्याची मात्रा ब्राऊन एचटीच्या कितीतरी पट लागते. कॅरॅमलची कृती समोर ठेवून ब्राऊन एचटी मोजला तर घाणा डांबरासारखा होतो.

एकच रंग आहे की मिश्रण, हे घरच्या घरी कळतं. गाळण कागदाची २ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. खालच्या टोकापासून दीड सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा (शाईने नको, ती स्वतःच पसरते). भुकटी थेंबभर पाण्यात कालवून दात कोरायच्या काडीच्या टोकाने रेघेवर मोहरीएवढा ठिपका द्या आणि वाळू द्या. ग्लासात लिटरला १० ग्रॅम मीठ घातलेलं पाणी सेंटिमीटरभर घ्या. पट्टी त्यात उभी करा, पण पाणी ठिपक्याच्या खालीच राहिलं पाहिजे. वर ताटली झाका. पाणी आठ-नऊ सेंटिमीटर चढलं की पट्टी काढा. मिश्रण असेल तर पिवळा, लाल, निळा असे पट्टे वेगळे झालेले दिसतील. एकच रंग असेल तर तपकिरी पट्टा दिसेल, फार तर त्याला फिकट शेपूट असेल. बाजारातल्या ब्राऊन एचटीत जोडीचे उपरंग १० टक्क्यांपर्यंत चालतात, तेव्हा फिकट शेपूट दिसली म्हणून भेसळीचा आरोप करू नका.

सावध: माल विकायचा असेल तर आधी त्या देशाची यादी पाहा. युरोपीय संघ, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे ब्राऊन एचटीला ठरावीक पदार्थांत परवानगी आहे. अमेरिकेच्या यादीत तो नाही. भारताच्या परवानगीच्या कृत्रिम रंगांतही नाही. इथे खाण्यासाठी विकला जाणारा ‘चॉकलेट ब्राऊन’ हे परवानगी असलेल्या रंगांचं मिश्रण असतं. तुमच्या हातात असं मिश्रण असेल तर पुढची पद्धत तशीच चालेल, फक्त शुद्ध रंगाचं प्रमाण आणि मर्यादा त्या मिश्रणाच्या वेष्टनावरून आणि नियमावरून घ्या.

टप्पा २: कागदावर मात्रा काढा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिली गोष्ट: भुकटी म्हणजे सगळा रंग नव्हे. ब्राऊन एचटीच्या ठरलेल्या दर्जानुसार भुकटीत शुद्ध रंग किमान ७० टक्के असावा लागतो. उरलेला भाग मुख्यतः ओल आणि क्षार. एका कंपनीची भुकटी ७२ टक्क्यांची, दुसरीची ८५ टक्क्यांची असू शकते. पुरवठादार बदलला आणि जुन्याच ग्रॅमवर माल केला की छटा बदलते ती यामुळे. खरा आकडा प्रत्येक लॉटबरोबर येणाऱ्या तपासणी दाखल्यात असतो. दाखला मागून घ्या. वेष्टनावरचा ‘किमान ७०’ हा गणितासाठी उपयोगाचा आकडा नाही.

दुसरी गोष्ट: कायद्याची मर्यादा तयार मालावर मोजली जाते, कच्च्या मिश्रणावर नाही. भट्टीत पाणी उडतं, रंग उडत नाही. म्हणजे केक हलका होतो आणि त्यातला रंग दाट होतो.

आता एक घाणा पूर्ण मांडून पाहू. युरोपीय संघात केक-बिस्किटांसारख्या बेकरी मालाला ब्राऊन एचटी ज्या गटात येतो त्या गटातल्या रंगांची एकत्रित मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे, आणि तीही शुद्ध रंगाच्या हिशेबाने. आपण किलोला १२० मिलिग्रॅम धरू.

१. बॅटर १० किलो. भट्टीत घट १२ टक्के. तयार केक ८.८ किलो.
२. लागणारा शुद्ध रंग: ८.८ × १२० = १०५६ मिलिग्रॅम.
३. भुकटी ८० टक्क्यांची असेल तर: १०५६ ÷ ०.८ = १३२० मिलिग्रॅम, म्हणजे १.३२ ग्रॅम.

दहा किलोला सव्वा ग्रॅमहून जरासं जास्त. ‘चिमूटभर’ म्हणून टाकलेल्या भुकटीचं वजन किती भरतं ते एकदा काट्यावर पाहा, म्हणजे अंदाजाने काम करणारे मर्यादा का ओलांडू शकतात ते कळेल.

घट विसरली तर काय होतं? कोणी पूर्ण २०० मिलिग्रॅमचा हिशेब बॅटरच्या वजनावर केला तर १० किलोत २००० मिलिग्रॅम रंग गेला. तोच ८.८ किलो केकमध्ये राहिला, म्हणजे किलोला २२७. माल मर्यादेबाहेर, आणि बनवणाऱ्याला वाटतंय आपण नियमात आहोत.

मर्यादेला चिकटून काम करूच नये, याला आणखी एक कारण आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये ब्राऊन एचटीची रोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला १.५ मिलिग्रॅम अशी ठेवली. २० किलोच्या मुलाला ती ३० मिलिग्रॅम होते. आपल्या १२० मिलिग्रॅमच्या केकचे २५० ग्रॅम खाल्ले की ती भरली. वाढदिवसाला एवढा केक पोटात जाणं काही फार अवघड नाही. कोकोची मात्रा थोडी वाढवून रंग ८० वर आणता येत असेल तर तेच करावं.

तपासणी: मिश्रणात आधीच रंग असलेली वस्तू आहे का? रंगीत सजावटीचे दाणे, तयार सॉस, रंगवलेलं इसेन्स? त्यांतला रंगही एकत्रित मर्यादेत धरला जातो.

टप्पा ३: काटा, भांडी, पाणी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.३२ ग्रॅमला अर्थच नाही. असा काटा नसेल तरी मार्ग आहे, तो पुढच्या टप्प्यात.

भांडी काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा दिलेलं, कथिल लावलेलं किंवा गंजलेलं लोखंडी भांडं नको. ब्राऊन एचटी हा ॲझो गटातला रंग आहे, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंच्या जोडावर त्याचा रंग अवलंबून असतो. अशा धातूंच्या संगतीत, त्यातही आंबट द्रावणात, रंगाच्या रेणूतला जोड तुटतो आणि रंग फिका पडतो. प्लास्टिकचा चमचा चालतो, पण त्यावर डाग कायमचा राहतो.

पाणी जड असेल तर द्रावणात हळूहळू गाळ बसतो, कारण रंगाचे कॅल्शियमबरोबरचे क्षार सोडियमच्या क्षारांइतके विरघळत नाहीत. क्षार काढलेलं पाणी उत्तम. ते नसेल तर उकळून, निववून, वरचं निवळ घ्या.

मास्क आणि हातमोजे घाला आणि पंखा बंद करा. शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल, पण या भुकटीचा न दिसणारा धुरळा शेजारच्या पांढऱ्या पिठात पडला की तिथे काहीच दिसत नाही. पाणी लागलं की पिठात तपकिरी नक्षी उमटते.

टप्पा ४: मूळ द्रावण करा

भुकटी थेट घाण्यात कधीच जाऊ नये. बाहेरून ओला झालेला कण स्वतःभोवती चिकट थर धरतो, आतला भाग कोरडाच राहतो आणि तो भट्टीत ठिपका होऊन दिसतो. आधी २ टक्क्यांचं द्रावण करा.

१. २० ग्रॅम भुकटी मोजा. इथे काट्याची अडचणही सुटते: २० ग्रॅमला साधा काटाही चालण्यासारखा असतो, आणि नंतर मोजायचे असतात मिलिलिटर.
२. भुकटी कोरड्या भांड्यात घेऊन त्यावर जेमतेम ४०–५० मिलिलिटर पाणी घाला आणि घोटा. दाट, चकचकीत पेस्ट झाली पाहिजे. पाण्यावर भुकटी टाकू नका. ती तरंगते आणि गुठळ्या धरते.
३. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसचं गरम पाणी थोडं थोडं घालत ढवळा, साधारण ८०० मिलिलिटरपर्यंत. उकळतं पाणी लागत नाही.
४. पाच-दहा मिनिटं ढवळून द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
५. निवल्यावरच १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. गरम असताना भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली येते, आणि वाफ गेली ती वेगळीच.
६. मलमलच्या दुहेरी कापडातून किंवा गाळण कागदातून गाळा.
७. बाटलीवर लिहा: रंगाचं नाव, लॉट, टक्केवारी, तारीख.

तपासणी: गाळलेल्या द्रावणाचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाका. डाग मधून कडेपर्यंत सलग तपकिरी हवा. मध्ये गडद कणी दिसली तर पुन्हा कोमट करून गाळा. अशी एक कणी केकमध्ये वाटाण्याएवढा डाग देते.

आता १ मिलिलिटर द्रावणात २० मिलिग्रॅम भुकटी आहे. ८० टक्क्यांच्या हिशेबाने १६ मिलिग्रॅम शुद्ध रंग. आपल्या घाण्याला १०५६ ÷ १६ = ६६ मिलिलिटर लागतील. कृतीतल्या पाण्यातून किंवा दुधातून हे ६६ मिलिलिटर वजा करा.

प्रकाशशोषण मोजायचं यंत्र हाताशी असेल तर पुरवठादाराच्या दाखल्यावर विसंबायची गरजच नाही. १ मिलिलिटर मूळ द्रावण १०० मिलिलिटर करा. त्यातले ५ मिलिलिटर पुन्हा १०० करा. आता लिटरला १० मिलिग्रॅम भुकटी आहे. पीएच ७ च्या जवळ, ४६० नॅनोमीटरला, १ सेंटिमीटरच्या नळीत शुद्ध रंगाचं वाचन ०.४०३ यायला हवं. ८० टक्क्यांच्या भुकटीचं ०.३२२ च्या आसपास येईल. ०.२८ च्या खाली आलं तर भुकटी ७० टक्क्यांनाही पोचत नाही, किंवा तिने ओल धरली आहे.

सावध: हे द्रावण टिकाऊ नाही. बुरशी धरते, आणि काही जिवाणू ॲझो रंग तोडतात, म्हणून वास येण्याआधीच रंग उतरलेला असू शकतो. दोन-तीन दिवसांपुरतंच करा, फ्रिजमध्ये अंधारात ठेवा, वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणून हलवा. टिकावं म्हणून त्यात सायट्रिक आम्ल टाकू नका. दाट द्रावण आंबट झालं की रंग खाली बसण्याचा धोका असतो.

टप्पा ५: लहान घाण्यावर छटा ठरवा

मोठ्या घाण्यात ‘अजून जरा घाला, अजून जरा’ करत छटा गाठायची नसते. अर्ध्या किलोचे तीन घाणे करा. १२ टक्के घटीने प्रत्येकाचा तयार केक ४४० ग्रॅम होईल. सुईविना ५ मिलिलिटरच्या सिरिंजने द्रावण असं घाला:

– किलोला ८० मिलिग्रॅमसाठी २.२ मिलिलिटर
– १२० साठी ३.३ मिलिलिटर
– १६० साठी ४.४ मिलिलिटर

थेंब मोजू नका. थेंबाचा आकार ड्रॉपरच्या तोंडावर ठरतो. ड्रॉपर बदलला की हिशेब बदलला.

तिन्ही घाणे नेहमीच्याच भट्टीत, नेहमीच्याच वेळेत भाजा. पूर्ण थंड होऊ द्या. मग मधोमध कापून, कापलेला भाग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा. कच्चं बॅटर फेसाळलेलं असल्याने फिकं दिसतं, त्यावर भुलून रंग वाढवला की भाजल्यावर केक काळपट होतो. पिवळ्या दिव्याखाली तर प्रत्येक तपकिरी छटा ऊबदार आणि छान दिसते, म्हणून तिथे घेतलेला निर्णय सकाळी टिकत नाही.

कोको वापरत असाल तर चाचणीत नेमका तोच कोको हवा. क्षारप्रक्रिया केलेला कोको मुळातच गडद असतो, आणि खायचा सोडा जरा वाढला तरी साधा कोकोही लालसर-गडद होतो. छटेतला फरक कोकोचा की रंगाचा, हे पाहायला चौथा घाणा रंगाशिवाय करा. हा चौथा घाणा सगळे वगळतात आणि मग आठवडाभर चुकीच्या गोष्टीशी झुंजत बसतात.

टप्पा ६: कोणत्या पदार्थात केव्हा घालायचं

केक, बिस्किटं. द्रावण कृतीतल्या पाण्यात किंवा दुधात मिसळा आणि तो द्रव पीठ पडण्याआधी घाला. लोणी-साखर फेटताना रंग घालायची सवय मोडा: रंग पाण्याचा, लोणी तुपाचं, तो स्निग्ध भागात बारीक थेंब होऊन बसतो आणि पुढे रेघा देतो. पीठ पडल्यावर घातला तर तो एकसारखा व्हायला जास्त फेटावं लागतं, आणि केक चिवट होतो. कृतीत द्रवच नसेल तर अंडी फेटताना घाला.

साखरेच्या गोळ्या, टॉफी. पाक गाठला, भांडं आचेवरून उतरलं, बुडबुडे बसले की रंग. त्यानंतर इसेन्स आणि सर्वांत शेवटी आम्ल. १४५ अंशांच्या पाकात थंड, पातळ द्रावण ओतलं की पाणी क्षणात वाफ होतं आणि पाक हातावर उडतो. इथे ५ टक्क्यांचं, गरम केलेलं द्रावण थोडं थोडं घाला, लांब दांड्याच्या पळीने. सुरुवातीलाच रंग घालून सगळा वेळ उकळणंही बरं नाही. दीर्घ उष्णता आणि फळसाखरेसारख्या साखरा मिळून ॲझो रंग फिका करतात.

जेली, सिरप, पेय. रंग आधी, आम्ल नंतर. घाई झाली आणि उलट केलं तर द्रावण आम्लाच्या दाट भागात पडतं आणि ढगाळ होतं. पेयात क जीवनसत्त्व घातलं असेल तर ब्राऊन एचटी टिकेल असं गृहीत धरू नका. क जीवनसत्त्व ॲझो रंगांचा जोड तोडतं, उजेडात तर आणखी वेगाने. सल्फाइट परिरक्षकाचंही तसंच. पारदर्शक बाटलीत अशी जोडी करायचीच असेल तर काही बाटल्या खिडकीत आणि काही कपाटात ठेवून महिनाभर तुलना करा, मग ठरवा.

आंबवलेले दुधाचे पदार्थ. विरजण लागून, पदार्थ थंड झाल्यावरच रंग घाला. विरजणाच्या जिवाणूंसमोर तासन्‌तास ठेवलेला रंग सकाळी असेल तसाच सापडेल याची खात्री नाही.

टप्पा ७: पाणी नसलेला पदार्थ असेल तर

चॉकलेटचा लेप, तुपातलं भरण, नुसत्या बटरचं क्रीम यांत मूळ द्रावण घालू नका. रंग तेलात विरघळत नाही, आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं की ते घट्ट, दाणेदार गोळा होऊन बसतं. त्याला परत सरळ करणं जमत नाही.

इथे ॲल्युमिनियम लेक लागतं. मराठीत ऐकायला गंमत वाटते, पण हे लेक म्हणजे ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडवर बसवलेला, न विरघळणारा रंग. तो विरघळून नाही, पसरून रंग देतो. म्हणून सगळी मदार दळण्यावर. लेक भुकटीच्या दुपटी-तिपटीने कोमट तेल घेऊन खलात किंवा छोट्या चक्कीत घोटा. दोन बोटांत चोळून पाहा: खर लागली तर अजून घोटा. मग ही पेस्ट थोड्या वितळलेल्या लेपात मिसळून ते मिश्रण मोठ्या भांड्यात न्या.

सावध: लेकमध्ये शुद्ध रंगाचं प्रमाण साध्या भुकटीपेक्षा बरंच कमी असतं आणि ते लॉटप्रमाणे बदलतं. टप्पा २ चं गणित दाखल्यावरच्या आकड्याने नव्याने करा. फार आंबट किंवा सोड्याने फार क्षारयुक्त झालेल्या मिश्रणात लेक रंग सोडतं. साधारण पीएच ४ ते ८ मध्येच ते नीट राहतं.

टप्पा ८: ठेवून पाहा

तयार मालाचा नमुना लगेच मंजूर करू नका. एक तुकडा २४ तास, एक ४८ तास, विकताना ज्या डब्यात राहील त्याच डब्यात ठेवा. थरांचा केक असेल तर हा टप्पा वगळून चालतच नाही. रंग पाण्यात विरघळणारा. गडद थरातली ओल पांढऱ्या क्रीमकडे सरकते आणि रंग तिच्याबरोबर जातो. सुरी लावून कापा आणि थरांची सीमारेषा बघा. ती केसासारखी बारीक असेल तर ठीक. दोन मिलिमीटरची झाक आली असेल तर गडद थर जास्त ओला आहे, पाक कमी शिंपडा किंवा मध्ये वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर द्या.

बिघडलं तर कुठे बघायचं

गडद ठिपके, फिक्या कडा असलेले: भुकटीच्या गुठळ्या. द्रावण गाळलेलं नाही किंवा बाटली न हलवता वापरली.

सलग रेघा: रंग उशिरा पडला, किंवा भांड्याच्या कडेला लागलेलं मिश्रण खरवडलं नाही.

संपूर्ण घाणा फिका, आणि मोजणी तर बरोबर: आधी भांडं कशाने धुतलं ते विचारा. ब्लीचचा अंश उरला असेल तर तो ॲझो रंग तिथल्या तिथे मारतो. हे कारण शेवटी सापडतं, कारण भांडं ‘स्वच्छ’ असतं. खात्रीसाठी त्या भांड्यात कपभर पाणी फिरवा, त्यात मूळ द्रावणाचा एक थेंब टाका आणि तेच साध्या पाण्यातही करा. पंधरा-वीस मिनिटांत भांड्यातला रंग उतरला तर दोषी सापडला.

हिरवट किंवा लालसर झाक: तुमच्याकडे ब्राऊन एचटी नसून मिश्रण आहे आणि त्यातला एखादा घटक उष्णतेत किंवा आम्लात आधी गेला. टप्पा १ ची पट्टी परत करा.

खाणाऱ्याची जीभ तपकिरी: मात्रा जास्त. दुसरं कारण शोधू नका.

छटा हवी तेवढी गडद होत नाही म्हणून रंग वाढवत राहणंही चूक. एका पातळीनंतर डोळ्याला फरक कळत नाही, फक्त रंग मळकट होतो. गडदपणा कोकोने आणा. काळेपणासाठी निळा आणि पिवळेपणासाठी टार्ट्राझिन असं मिसळायला गेलात तर मर्यादेचं गणित बदलतंच, शिवाय टार्ट्राझिन, सनसेट यलो, क्विनोलिन यलो, कार्मोइसिन, पोन्सो ४आर आणि अल्युरा रेड यांपैकी काहीही आलं तर युरोपीय संघात वेष्टनावर मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो. ब्राऊन एचटी त्या सहांत नाही; पण वेष्टनावर ‘रंग’ या शब्दासोबत त्याचं नाव किंवा ई १५५ लिहावंच लागतं.

आवरताना

सांडलेली भुकटी कोरड्या फडक्याने पुसू नका, ती उडते. ओल्या कागदाने टिपा, मग भरपूर पाण्याने धुवा. ओट्यावर राहिलेल्या डागाला पातळ ब्लीच चालतं, पण ज्या भांड्यात पुढचा घाणा होणार आहे त्यातून ब्लीच फिरवलं असेल तर तीन पाण्यांनी धुवा आणि वरची थेंबाची चाचणी करूनच ते वापरात घ्या.